मायच्या गाण्यावरचा शिक्का

१२ एप्रिल २०२५
लोखंडी पेटी उघडली. कॅसेटी एकशे चाळीस, पेनड्राइव्ह अकरा, सीडींची मोजदादच नाही, आणि नखाएवढी मेमरी कार्डं मिठाच्या डबीत! सीडीवर माझंच अक्षर — 'हळद फुल बेस', 'नवीन हळद फुल बेस', 'हीच वाजव'. कोणती वाजव? अठरा वर्षं डीजे म्हणून मिरवलो आणि पसारा हा असा.

पण आता लावायलाच हवं. माझ्या भाचीचं, उर्वशीचं, लग्न २ मेला. तिचं एकच मागणं — "मामा, मांडवात आजीचंच गाणं पायजे." धानोऱ्याकडच्या कितीतरी लग्नांत माय गोंडी गाणी गायची. माघात घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला.

१४ एप्रिल
कॅसेटी संपल्या. चारांना बुरशी. मायची कॅसेट त्यात असणारच नव्हती. ती २०११ साली इसरूने चोरली. आम्ही जोडीने डीजे लावायचो! त्या वर्षी मी मायची गाणी कॉम्प्युटरात घेऊन त्यांवर पहिल्यांदा बेस चढवला. महिन्याभरात कॅसेट गायब, आणि इसरूच्या गाडीवर मायचं गाणं! तेव्हापासून त्याचं तोंड पाहिलं नाही.

१७ एप्रिल
जुन्या हार्ड डिस्कमध्ये मायची एकवीस गाणी सापडली! लावली तर धाडधाड ढोल, आणि दर दोन ओळींनी माझी आरोळी — "डीजे कुलदीप, धानोरा!" चोरी झाल्यावर मी प्रत्येक गाण्यावर नावाचा शिक्का मारत सुटलो होतो. पुन्हा कोणी उचलू नये म्हणून. जागा कमी पडली तेव्हा साधी गाणी पुसून टाकली. बिनबेसची कोण ऐकणार, असं वाटलं. गाढव मी!

१८ एप्रिल
सीडी, पेनड्राइव्ह, कार्डं. सगळीकडे मीच ओरडतोय.

२० एप्रिल
शिक्का कापून पाहिला. त्याच्याबरोबर मायचे शब्दही जातात.

करिश्मा अंगणात मोहफुलं वाळवत होती. म्हणाली, "इसरूभाऊपाशी असन ना ते कॅसेट. जाऊन मांगा."
"चोराले हात जोडू?"
"मायसाठी जोडा. काऊन, झिजतीन का हात?"
बायको बोलली ते खरं. म्हणूनच जास्त राग आला.

२३ एप्रिल
अर्ध्या रस्त्यातून परत आलो.

२६ एप्रिल
गेलो शेवटी. इसरूचे केस पार पांढरे झालेत. काही न विचारता त्याने डबा काढला. कॅसेट प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली, ओल लागू नये म्हणून सोबत तांदळाची पुरचुंडी. टेप लावला. माय! नुसती माय. मध्येच खोकते, मागे कोंबडा आरवतो. मी त्याच्यासमोर ढसाढसा रडलो.

म्हटलं, "चोरली, पण जपली रे तू."
त्याने टेप बंद केला. मग म्हणाला, "चोरली नाई. तुह्या मायनंच देल्ली. म्हणे, पोराच्या ढोलात माहे बोल बुडून राह्यले, तू साधंच वाजवत जाय. अन् त्याले सांगू नोको, वाईट वाटन त्याले."

२७ एप्रिल
मायला विचारलं. तिने मान हलवली. हो.
चौदा वर्षं मी तिच्यासमोर इसरूला चोर म्हणत होतो. तेव्हा तिला आवाज होता.