चहा केला आहे. बस.

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. तुझा गुडघा काय म्हणतो? आम्ही दोघी आता खुशाल आहोत; मध्यंतरी नव्हतो, तेच सांगायला बसले आहे.

घशाच्या डॉक्टरांनी मला महिनाभर बोलायची बंदी केली, हे तुला ठाऊक आहेच (त्यावर तू ‘घरच्यांचं नशीब’ म्हणालीस, तेही पोचलं). मुलगा कामासाठी बाहेरगावी. घरात मी आणि सूनबाई, आणि आमचं सगळं बोलणं फोनवर टाइप करून. मी म्हटलं, यात काय अवघड? तीस वर्षं वकिलांच्या ऑफिसात टायपिंग केलं. वाक्य संपलं की पूर्णविराम, हे बोटांतच मुरलंय. सूनबाईचं मात्र विरामचिन्हांशी उभं वैर. पहिल्याच संध्याकाळी निरोप आला, ‘आई आले चहा टाका’. मी चांगलं बोटभर आलं किसून टाकलं. ती बिचारी ‘मी आले’ एवढंच कळवत होती. डोळ्यांतून पाणी काढत तिने तो चहा संपवला. मला वाटलं, काय आवडलाय! दुसऱ्या दिवशी दुप्पट टाकलं.

मी उत्तरं द्यायची, ‘बरं.’ ‘समजलं.’ ‘ये.’ आणि ती दिवसेंदिवस गप्प होत चालली. गेल्या आठवड्यात चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीवरून दमून आली, तेव्हा मी लिहिलं, ‘चहा केला आहे. बस.’ म्हणजे माझ्याजवळ जरा टेक. तिने वाचलं, चहा केलाय, तेवढं बस झालं! थोड्या वेळाने बॅग घेऊनच बाहेर आली. फोनवर निरोप, ‘आई मी थोडे दिवस माहेरी जाते तुम्हाला माझा त्रास होतो’. मी ‘त्रास’मधला ‘त्र’ शोधतेय तोवर तिचा एक पाय चपलेत. मग मात्र मी तोंड उघडलं.

‘‘बस गं, बाळा.’’

आवाज कसला, गंजलेली कडी करकरावी तसा. ती तिथेच उंबऱ्यावर मटकन बसली.

‘‘आई, बोलू नका! मग इतके दिवस चिडला का होतात? प्रत्येक शब्दापुढे ते टिंब! दार आपटल्यासारखं वाटतं हो.’’

मी पेपरच्या समासात लिहून दाखवलं, ‘अगं, ते शिस्तीचं आहे.’ (तिथेही दिलाच पूर्णविराम.) ती रडता रडता हसायला लागली. चहा पार निवला होता, तरी दोघींनी उंबऱ्यावरच प्यायला.

आता मी वाक्यं उघडी सोडते. काल तर ‘ये नाआआ’ असं लिहिलं. ऑफिसातल्या कुणी पाहिलं नाही म्हणून बरं. तीही माझ्यासाठी ‘आई’पुढे स्वल्पविराम देते. तेवढ्या थांब्यात तिने मान वळवून माझ्याकडे बघितल्यासारखं वाटतं.

तुझी,
ताई

ता. क. डॉक्टरांनी परवाच बोलायची परवानगी दिली. सूनबाईला सांगितलेलं नाही. समोरासमोर ती ‘हो’, ‘नाही’च्या पुढे जात नाही, टाइप करताना दिवसभराचं सगळं सांगते. मला आणखी थोडे दिवस मुकीच राहू दे. तेव्हा कृपा करून घरी फोन करू नकोस.

आणखी ता. क. आज न्हाणीघरात चुकून गुणगुणले. बाहेर येऊन बघते तर तिचा निरोप, ‘आई, घसा जपा हं, अजून महिनाभर तरी’