उशिराचं कारण

दि. ११ नोव्हेंबर

ती. ताई,

'शिरसाष्टांग' हा शब्द तूच माझ्या पत्रांतून कायमचा खोडलास, म्हणून नुसता नमस्कार. पोटाचे टाके सुकले. जेवण जातं, जिना दोन दमांत चढतो. डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली आहे. ऑफिसात मी फायलींशिवाय काही उचलत नाही, तेव्हा काळजी नको.

तुझं पाकीट येऊन तीन आठवडे झाले. काम फार होतं म्हणून उत्तर राहिलं, असं लिहिणार होतो. काम नव्हतं.

पाकिटात कार्ड कंपनीच्या पत्राची प्रत होती. तुझ्या कार्डावर कुणा भामट्याने केलेली खरेदी तुझ्याच माथी मारणारं पत्र. चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासलेली बाई तू. माझ्या लग्नाच्या पत्रिकेतही तीन चुका काढल्या होत्यास. आणि या पत्राच्या समासात तू लाल शाईने लिहिलंस, "एकही शब्द जास्त नाही. इतकं सरळ लिहिणारा माणूस खोटं बोलणार नाही. मागच्या बाजूला अपिलाचं दिलंय, पण जाऊ दे. चूक माझीच."

ताई, ते पत्र मी लिहिलंय.

तुला म्हणून नव्हे. मी त्या कंपनीचा वकील आहे एवढं तुला ठाऊक आहे. करतो काय, ते तू कधी विचारलं नाहीस. नकार साध्या भाषेत कळवावा असा नियम आला, तेव्हा दोन वर्षांपूर्वी मी हा नमुना करून दिला. नाव, तारीख, रक्कम मशीन भरतं. साधं लिहायला तू शिकवलं होतंस, ते कामी आलं. आधी नकार गेला की निम्मे लोक पुढे भांडायचे. माझ्या पत्रानंतर दहातला एखादा. साहेबांनी पाठ थोपटली, मला केबिन मिळाली.

अजून आहे. भामटेगिरी झाली तर तीन दिवसांत कळवायचं, नाहीतर भुर्दंड ग्राहकाचा. पण त्याच नियमात पुढे म्हटलंय, उशिराला सबळ कारण असेल तर कंपनीने ते विचारात घ्यावं. जुन्या तक्रार-अर्जात त्यासाठी एक चौकट होती, 'उशिराचं कारण'. लोक तिथे काय काय लिहायचे. बाळंतपण, मयत, नवरा सांगू देत नव्हता. आणि लिहिलं की उत्तर देणं भाग. मी बैठकीत म्हणालो, "चौकटच काढून टाकू. कारण कळलंच नाही, तर विचारात काय घ्यायचं?" सगळे हसले. मीही हसलो.

तू सहाव्या दिवशी कळवलंस. आधीचे पाच दिवस तू माझ्या खाटेशेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसून होतीस. वॉर्डात फोन वाजला म्हणून नर्स ओरडली, तेव्हा तू तो बंद करून पिशवीच्या तळाशी टाकलास. कंपनीचे मेसेज त्या बंद फोनवर येत राहिले.

नंतर मी तुला विचारलं होतं, "अर्जात हॉस्पिटलचं का नाही लिहिलंस?"

"अरे, लिहायला जागाच नव्हती," तू म्हणालीस. "आणि तुझं दुखणं कशाला चव्हाट्यावर?"

मी "बरं" म्हणालो आणि फोन ठेवला. त्या "बरं"ची मला आज शिसारी येते.

कार्डाचे हप्ते फेडायला तू अडुसष्टाव्या वर्षी औषधाच्या बाटल्यांची लेबलं तपासायला घेतलीस. हे तू नाही सांगितलंस, तुझ्या लेकीने सांगितलं. तिला वाटतं मामा वकील आहे, काहीतरी करेल.

सोबत अपिलाचा अर्ज आहे. शनिवार ही शेवटची तारीख. कारण पहिल्याच ओळीत लिहिलंय. हॉस्पिटलचे कागद जोडलेत आणि रुग्ण म्हणून माझं प्रतिज्ञापत्रही. चौकट कुणी काढली आणि का, तेही त्यात आहे. अशिलाचं गुपित फोडलं म्हणून माझी सनद जाऊ शकते. केबिन तर जाईलच. तू फक्त सही करून पाठवायचंस.

खरं सांगू? तू पाठवला नाहीस तर मला आतून हायसं वाटेल. इतकाच उरलोय मी. माझी फी भरायला तू स्वतःचं कॉलेज सोडलंस, तेव्हाही "जाऊ दे" एवढंच म्हणाली होतीस. तुझ्या "जाऊ दे"वर मी जन्मभर जगलो. या वेळी हात जोडतो, मला वाचवू नकोस.

घाईत चुका राहिल्या असतील, लाल शाई चालव. त्या नमुन्याखाली सही नव्हती, नुसता हुद्दा छापलेला होता. इथे दोन्ही स्वतःच्या हाताने लिहितोय.

तुझा धाकटा भाऊ,
अधिकृत प्रतिनिधी