गोवर्धन येईपर्यंत

१५ नोव्हेंबर, शनिवार
जाहीर झालं! विन्सीभाऊंचा अल्बम २८ तारखेला येतोय. नाव 'गीला बारूद'. गेली सोळा वर्षं 'या दिवाळीत नक्की' ऐकून आमचे केस पांढरे झाले. आमचे हे गायक, विन्सी डॅनियल, आता एकाहत्तरचे. मूळचे नागपूरचे, त्यामुळे आम्ही वऱ्हाडातले चाहते त्यांना भाऊच म्हणतो. ते आम्हाला ओळखत नाहीत, हा भाग वेगळा.

गोवर्धनला लगेच फोन लावला. कॉलेजात आम्ही दोघं अमरावतीला एका खोलीत राहायचो. तेव्हापासूनचा नियम: विन्सीभाऊंची नवी कॅसेट दोघं हजर असल्याशिवाय फोडायची नाही. पहिलं ऐकणं सोबतच. एकदा मला कावीळ झाली, तर या माणसाने कॅसेट महिनाभर वेष्टणासकट उशाशी ठेवली होती. अशी मैत्री आता दिसत नाही. माझ्यातही तेवढीच निष्ठा आहे, फक्त ती दाखवायची वेळ आली नव्हती.

२० नोव्हेंबर
अडचण. मी अमरावतीतच राहिलो, पण गोवर्धन अकोटला कापसाच्या जिनिंग कारखान्यात मॅनेजर आहे आणि सीझन ऐन भरात आहे. सात डिसेंबरच्या रविवारआधी सुटी नाही म्हणाला. मी म्हटलं, सोळा वर्षं थांबलो, नऊ दिवस काय चीज आहे. तरी त्याने बजावलंच, "तूबी आयकू नको, मीबी आयकत नाही." मला जरा लागलं. मला सांगायची गरज होती का?

उलट मीच त्याला सुचवलं की चाहत्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर पड, कोणीतरी गाणं टाकेल. तो तत्काळ बाहेर पडला. मी ग्रुपवर थांबलो आहे. कोणीतरी लक्ष ठेवायला हवं.

२८ नोव्हेंबर, सकाळी
आला! डाउनलोड करून ठेवला. डाउनलोड करणं म्हणजे ऐकणं नव्हे. ऐनवेळी नेट गेलं तर गोवर्धनला काय तोंड दाखवणार?

२८ नोव्हेंबर, दुपारी
स्पीकर चालतो की नाही हे पाहणं यजमानाचं कर्तव्य आहे. म्हणून पहिल्या गाण्याचे पहिले दहा-बारा सेकंद लावले. नुसती गिटारची घरघर आहे, शब्द नाहीत. शब्द नाहीत म्हणजे गाणं सुरूच झालेलं नाही. नियम शाबूत.

२९ नोव्हेंबर
थोडं झालं. पण समजून घेण्यासारखं आहे. इअरफोन फक्त डाव्या कानात घातला होता. उजवा कान गोवर्धनसाठी राखून ठेवला आहे. अर्धंच ऐकलं म्हणजे अर्धं अजून बाकी आहे.

पहिली तीन गाणी. विन्सीभाऊंचा आवाज घासलाय, पण काय घासलाय!

३० नोव्हेंबर, रविवार
घरात ऐकणं बरं दिसत नाही, म्हणून भाजी आणायला गेलो. तीनदा. डावाच कान. पौर्णिमा म्हणाली, घरात माणसं दोन आणि मेथीच्या जुड्या सात, तुमचं त्या मेथीवालीशी काही आहे का? मी म्हटलं, हिवाळ्यात पालेभाजी चांगली असते. रात्री मेथीची भाजी, मेथीचे पराठे. मुकाट्याने खाल्ले. हे प्रायश्चित्तच समजायचं.

निश्चय: उद्यापासून बंद.

२ डिसेंबर
काल बंद होतं. (सकाळी.)

आज मनाशी विचार केला. विन्सीभाऊंनी हे दोन कानांसाठी बनवलंय. एका कानाने ऐकणं म्हणजे एकाहत्तर वर्षांच्या कलावंताचा अपमान. कॉलेजातले माझे तास शिकवून झाल्यावर सरळ वडाळी तलावावर गेलो आणि स्कूटरवर बसून दोन्ही कानांनी अख्खा अल्बम ऐकला. शेवटी डोळ्यांत पाणी आलं. मग आणखी एकदा लावला, पाणी कुठे आलं ते नीट कळावं म्हणून.

घरी पोचतो तर गोवर्धनचा फोन. जिनिंगच्या गेटवर एका ड्रायव्हरने मोबाईलवर विन्सीभाऊंचं काहीतरी लावलं, तर हा मॅनेजर दोन्ही कानांत बोटं घालून कापसाच्या गंजीमागे पळाला. माणसं समजली साप निघाला. तो खूप हसत होता. मीही हसलो. नंतर जेवण गेलं नाही. मी वाईट माणूस आहे. पण हे मला कळतंय, म्हणजे पूर्ण वाईट नसणार.

३ डिसेंबर
विसरण्याचा प्रयत्न. दिवसभर आरत्या ऐकल्या. संध्याकाळी बारावीच्या वर्गाला मान्सूनचे वारे शिकवताना फळ्यावर बोटांनी तिसऱ्या गाण्याचा ठेका वाजवत होतो. पोरं माना डोलवत होती. मान्सूनवर कोणी डोलत नाही.

४ डिसेंबर
विसरणं जमत नाही, तर पहिल्यांदा ऐकतोय असं दाखवणं तरी जमलं पाहिजे. आरशासमोर सराव केला. गिटार सुरू झाली की भुवया, आवाज आला की तोंड किंचित उघडं, चौथ्या गाण्याला मान नकारार्थी हलवायची, 'काय माणूस आहे' अशा अर्थाने. पौर्णिमाने पाहिलं. दाढ दुखते का, विचारलं. हो म्हटलं. लवंग मिळाली.

५ डिसेंबर
ठरवलं. खरं सांगून टाकायचं. गोवर्धनची बायको, सीमावहिनी, जाऊन दोन वर्षं झाली, पोरगी रागिणी पुण्याला नोकरीला. एकट्या माणसाला असं फसवायचं नाही. फोन लावला. आधी कापसातल्या ओलाव्याबद्दल विचारलं, एकदम विषयाला हात घालणं बरं नाही. ओलावा यंदा जास्त आहे. मग मी श्वास घेतला, तेवढ्यात तोच बोलला.

"सीमा गेल्यापासून पयल्यांदाच कशाची तरी वाट पाहून राहिलो, कुंदन."

यावर काय सांगणार? कोणीच सांगितलं नसतं. ओलाव्याची काळजी घे म्हणालो आणि फोन ठेवला. लाज वाटली.

आता एकच मार्ग: अभिनय उत्तम करायचा. हे फसवणं नव्हे, त्याच्या आनंदाची राखण आहे. त्यासाठी अल्बम बारकाईने माहीत असायला हवा. दोनदा ऐकला.

७ डिसेंबर, रविवार
पहिल्या गाडीने अंजनगावमार्गे आला. इस्त्रीचा शर्ट, हातात तुरीच्या शेंगांची पिशवी. पौर्णिमाच्या हाती शेंगा दिल्या, फोन बंद केला, दिवाणावर बसला आणि म्हणाला, लाव.

लावला. गोवर्धनने डोळे मिटून घेतले ते उघडलेच नाहीत. माझ्या भुवया, तोंड, सगळा सराव भिंतीवरच्या कॅलेंडरने पाहिला.

चौथ्या गाण्याला त्याच्या गालावरून पाणी ओघळलं. त्याने ते पुसलंही नाही. मी शेजारी बसून होतो. पुढे काय येणार ते मला सगळं पाठ होतं, वर्षानुवर्षं शिकवलेल्या धड्यासारखं. मलाही रडायचं होतं. आलंच नाही. ज्याची सोळा वर्षं वाट पाहिली ते एका हाताच्या अंतरावर घडत होतं, आणि मी त्यात नव्हतो. माझं ते मंगळवारीच तलावाकाठी, स्कूटरवर होऊन गेलं होतं.

तरी निभलं असतं. शेवटच्या गाण्यात एका जागी सगळी वाद्यं थांबतात. चांगली लांब शांतता आहे, कोणालाही वाटेल संपलं. गोवर्धनलाही वाटलं. त्याने डोळे उघडले, चष्मा शोधायला लागला. पौर्णिमा चहा घेऊन दारात आली. आणि माझा हात आपोआप वर गेला.

"थांब, अजून आहे."

आणि गिटार सुरू झाली.

उरलेलं गाणं तो माझ्याकडे बघत होता. मी स्पीकरकडे बघत होतो. गाणं संपल्यावर त्याने एवढंच विचारलं, "कितव्यांदा आयकून राहिला?"

मी म्हटलं, "दुसऱ्यांदा."

तेव्हासुद्धा खोटंच.

तो रागावला नाही. अल्बम चांगला आहे म्हणाला, चहा प्याला, रागिणीच्या नोकरीचं सांगितलं. रात्री मुक्काम करणार होता, पण जिनिंगवर काम निघालं म्हणून दुपारच्या गाडीने गेला. फोन तर सकाळपासून बंद होता, काम निघाल्याचं त्याला कुठून कळलं ते मी विचारलं नाही. स्टँडवर सोडायला येतो म्हटलं, तर म्हणाला, ऑटो आहे.

८ डिसेंबर, सोमवार
सकाळी ग्रुपवर बातमी: दुसरा भाग पुढच्या दिवाळीत नक्की! गोवर्धनला पाठवली. खाली लिहिलं, 'नियम तोच'. या वेळी मोबाईल पौर्णिमाच्या कपाटात ठेवेन, किल्ली तिच्याकडे. हेही लिहिलं.

संध्याकाळी उत्तर आलं: 'आता ज्यानं त्यानं आपापल्या घरी आयकाव.'

बरोबर आहे. या वयात एवढा बसचा प्रवास झेपत नाही. त्याला तसंच म्हणायचं असणार. मी अंगठा पाठवला.

पौर्णिमा बहिणीकडे गेली होती. आता लपवायचं कोणापासून? अल्बम स्पीकरवर, पहिल्यांदाच दार उघडं टाकून, मोठ्याने लावला. दुसऱ्या गाण्यात बंद केला. नंतर बसून तुरीच्या शेंगा सोलल्या.