अंगणाचा वाटा

प्रिय आई,

कुसुममावशीचा मुलगा आत्ताच पापडांचा डबा देऊन गेला. तो समोर ठेवून मी मघापासून बसलोय आणि झाकण उघडायचा धीर होत नाहीये. मेघनाने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही. खरं काय झालं ते तुलाच सांगायला हवं, म्हणून लिहितोय.

आधी अंगणाचं सांगतो. आपलं मागचं अंगण आता राहिलं नाही, आई. तू चैत्रात शेणाने सारवून जिथे जुनी धोतरं अंथरायचीस, तिथली माती काढली, गिट्टी टाकली, रोलर फिरवला आणि वर प्लास्टिकचं हिरवं गवत बसवलं. टर्फ म्हणतात त्याला. पांढऱ्या रेषा, मधे नेट, भोवती उंच जाळी. ईरा रोज शाळेतून आली की तिथे बॅडमिंटन खेळते, तुझी नात चक्क मोबाइल विसरते. तेवढ्यासाठी तूही हो म्हणाली असतीस, असं मी स्वतःला सांगत आलो.

काम संपल्यावर ठेकेदार आपल्या इथल्या हिंदीत म्हणाला होता, "भिया, टेंशन मत लो, बरसों चलेगा. बस तेल-वेल मत गिरने देना." बाकीच्या सूचना मी विसरलो. ही मात्र नको तिथे आठवली.

कोर्ट तयार झाल्यावरचा पहिला रविवार. ऑफिसातली मंडळी खेळायला यायची होती, मेघनाने पोहे भिजवले होते, मी नवे बूट घालून रेषांवरची धूळ झाडत होतो. तेवढ्यात फाटकाशी रिक्षा थांबली. कुसुममावशी! एका हातात पोळपाट-लाटण्याची पिशवी, दुसऱ्या हातात ओल्या फडक्यात बांधलेलं पापडाचं पीठ. तू गेलीस म्हणून गेल्या वर्षी कुणी पापड केले नव्हते. यंदा ती आपली नेहमीसारखी आली, फोन न करता. तुझ्या अंगणात यायला तिने कधी फोन केला होता गं?

शेजारचं घर सोडून ती मुलाकडे, शहराच्या पलीकडच्या टोकाला परदेशीपुऱ्यात राहायला गेली, तेव्हा किती रडली होती, आठवतं? त्या घराला ऊन नाही, एवढीच तिची तक्रार होती. तू म्हणाली होतीस, "ऊन नसलं तर काय झालं, माझं अंगण आहे ना." मी तिथेच लाट्या तेलात बुडवून खात होतो, म्हणून मला ते पक्कं ऐकू आलं होतं.

मावशीने चपला काढल्या, पायाच्या अंगठ्याने टर्फ दाबून पाहिलं आणि म्हणाली, "अय्या, हा तर गालिचाच झाला रे." मग तिने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मावशी, यावर तेल चालत नाही. खराब होतं."

ती रुसली असती तर बरं झालं असतं. उलट मलाच समजावत म्हणाली, "हो रे, बरोबर आहे तुझं. मीच पहिले फोन करायला पाहिजे होता. चल, निघते मी, पीठ कडक होऊन राहिलंय." मी फाटकात उभा राहून म्हटलं, चहा तरी घ्या. आत या, असं मात्र म्हटलं नाही.

आई, माळ्यावर तुझ्या दोन्ही खाटा आहेत. त्या टर्फवर टाकून वर धोतरं अंथरली असती तर तेलाचा थेंबही खाली गेला नसता. हे मला नंतर सुचलं असं म्हणता आलं असतं, पण तुझ्याशी कसलं खोटं बोलू? ती फाटकात उभी होती तेव्हाच सुचलं होतं. पण घटकाभरात साहेबलोक येणार होते, आणि त्यांच्यासमोर माझ्या नव्या कोर्टावर खाटा, धोतरं, पापड? मला लाज वाटली. तेल हे नुसतं निमित्त होतं. तुझ्या मैत्रिणीची लाज वाटली मला, आई. हे लिहितानाही मान वर होत नाहीये.

आज तिचा मुलगा बोलता बोलता सांगून गेला, की त्या दिवशी तिने वरच्या मजल्यावरच्या बिऱ्हाडाला विचारून त्यांच्या गच्चीवर पापड घातले. गुडघे धरून, प्रत्येक पायरीवर बसत वर गेली. मग डबा पुढे करत म्हणाला, "आईने अंगणाचा वाटा पाठवलाय."

ज्याच्या अंगणात पापड वाळतात, त्याच्या घरी पहिला डबा जातो. ही रीत तुम्ही दोघींनीच पाडलेली. मी तिला फोन केला. म्हटलं, मावशी, या वर्षी आमचं अंगण कुठे होतं? ती हसली. म्हणाली, "अरे, वाटा काय तुझा आहे का? तो तर तुझ्या आईचा आहे. तू फक्त खाऊन घे."

मी फोन ठेवला. माफी मागायची होती, ती तोंडातच राहिली.

टर्फ उखडून टाकीन असं काही मी कबूल करत नाही, ईराचा जीव आहे त्यात. पण रविवारी मी परदेशीपुऱ्यात जातोय. तेलाचं खरं कारण काय होतं, ते मावशीला तोंडावर सांगणार आहे. ते सांगेपर्यंत यातला एकही पापड तळायचा नाही. आणि पुढच्या चैत्रात नेट काढून दोन्ही खाटा मी स्वतः कोर्टावर टाकीन, रिक्षाने तिला घेऊन येईन. ऑफिसच्या मंडळींनाही त्याच दिवशी पोह्यांना बोलावीन. ते येतील तेव्हा मी खाटांपाशी हातात काठी घेऊन बसलेला असेन, लहानपणी तू बसवायचीस तसा, कावळे हाकलत.

तुझा,
शिरू