शनिवारच्या दारांची वाटणी

एकमेव परमेश्वराच्या नावाने.

मी, महरुख खुमामी, दिवंगत नुस्रत यांची पत्नी, वय त्रेसष्ट वर्षे, मुलींच्या सरकारी शाळेत तीस वर्षे इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली, राहणार सागरीसाझान मोहल्ला, रश्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी जे बिघडल्याचे सांगितले ते स्वादुपिंड; त्याचा आणि अकलेचा काही संबंध नाही, हे मी त्यांना दोनदा विचारून घेतले. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. दबाव आणायला घरात कोणी असते तर खरे म्हणजे बरेच वाटले असते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. डॉक्टर वसंतातल्या नवरोजपर्यंतची मुदत देतात, तीही तोंड फिरवून, म्हणून ही घाई.

कलम १. राहते घर माझा एकुलता एक मुलगा बर्दिया, वय तेहतीस, राहणार टोरांटो, याला जावे. कायद्याने ते जातेच, पण लिहून ठेवलेले बरे. हे घर माझ्या पगारातून घेतलेले आहे. माझा दीर जलील गावभर सांगतो की ते त्याच्या भावाने घेतले. त्याचा भाऊ, म्हणजे माझे यजमान, अंझलीच्या बंदरावर जकात कारकून होते, अतिशय सज्जन माणूस, आणि त्यांच्या हातून घरात फक्त पुस्तके आणि मासे येत. बर्दियाने घर विकले तरी माझी हरकत नाही. रिकामे ठेवू नये, एवढेच. रिकामी घरे मी खूप पाहिली आहेत, ती कुठे ते पुढे येईल.

कलम २. नऊ वर्षांपूर्वी जलीलने छताची कौले बदलायला म्हणून नेलेली माझी लोखंडी शिडी मी त्यालाच देते. नाहीतरी ती परत येणार नव्हती.

कलम ३. मालमत्तेच्या एक तृतीयांशावर कायदा माझी मर्जी चालू देतो. त्यातून माझा संगणक, ‘मीठवाट’ या खेळाच्या चारही भागांच्या सीडी आणि माझ्या एकतीस वह्या मी आगा कुबाद शफ्ती यांना देते. सब्जे मैदानाजवळ त्यांचे खेळांच्या सीडींचे दुकान आहे, आणि वर माडीवर पोरे तासाच्या भाड्याने खेळतात. यजमान आणि ते एका गळाने मासे धरणारे दोस्त.

वह्यांत काय आहे ते नोंदवते, नाहीतर जलील त्या रद्दीत घालील. मीठवाट हा एकट्याने खेळायचा खेळ. एक बाई आणि तिचे खेचर मिठाच्या ओसाड मुलुखातून चालत राहतात. वाटेत माणूस एकही भेटत नाही. गावे रिकामी, आणि प्रत्येक दाराआड भिंतीवर, निघून गेलेल्या कोणीतरी लिहिलेली चिठ्ठी. चिठ्ठ्या सगळ्या इंग्रजीत. चार भागांतल्या मिळून दोन हजारांवर चिठ्ठ्या मी फारसीत आणल्या, कुबादच्या दुकानात त्या खेळात बसवल्या गेल्या, आणि त्या सीडी तब्रीझपासून बंदर अब्बासपर्यंत गेल्या. परवानगी कोणाची घेतली नाही. मागितली असती तरी इराणशी व्यवहार करायला त्या परदेशी कंपनीला मनाई होती.

मी या खेळात शिरले ती हौसेने नव्हे. एकवीस वर्षांपूर्वी यजमान गेले तेव्हा बर्दिया बारा वर्षांचा होता. त्याने बोलणे टाकले. शाळेतून यायचा, दोन घास खायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडायचा. असे तीन महिने गेले. मी शिक्षिका, दुसऱ्यांच्या मुली माझ्यापुढे घडाघडा बोलायच्या आणि घरात माझाच मुलगा मुका. मग एक दिवस कुबाद सीडी घेऊन दारात आले. म्हणाले, “खानम, ह्यात मारामारी नाही, गोळीबार नाही. नुसतं चालायचं. पोराला बसू दे जरा.”

बर्दियाने पहिले दार उघडले. मी स्वयंपाकघरात वांगी भाजत होते. मागून आवाज आला, “आई, काय लिहिलंय गं?” वांगी तशीच जळू दिली आणि मी धावत जाऊन वाचले. चिठ्ठीत विशेष काही नव्हते, विहिरीचे पाणी खारट झाले आहे, पुढच्या गावात प्या, इतकेच. तो म्हणाला, “पुढचं उघडू?” त्या दिवसापासून हात त्याचे आणि आवाज माझा. माझा मुलगा मला त्या खेळाने परत दिला, हे मी शपथेवर लिहिते.

आठ वर्षांपूर्वी तो टोरांटोला गेला. खेळ एकट्याचा, त्यात दोघांना एकत्र जाता येत नाही. म्हणून आम्ही युक्ती काढली. दर शनिवारी, त्याच्या सकाळी आणि माझ्या संध्याकाळी, फोन चालू ठेवून दोघांनी आपापल्या संगणकावर एकच गाव काढायचे.

“मी विहिरीपाशी आलो. तू कुठेयस?”

“अरे थांब, माझं खेचर चिखलात बसलंय.”

“खेचराला काय बोल लावतेस? तू कळ उलटी दाबतेस, आई!”

दाराशी पोचलो की एक, दोन, तीन म्हणायचे आणि दोघांनी एकदम उघडायचे. मग चिठ्ठी मी वाचायची. त्याचे इंग्रजी आता माझ्यापेक्षा चांगले आहे, तरी मीच वाचायची. सात वर्षांवर आम्ही अशी दारे उघडली. लोक म्हणत, बिचारी एकटी राहते. मी मनात हसायची.

कलम ४. हे कलम मालमत्तेचे नाही, कबुलीचे आहे, आणि आगा कुबाद यांनी ते बसून वाचावे.

मीठवाटेचा पाचवा भाग येणार, त्याचे नाव ‘काफिला’, आणि तो एकट्याने खेळता येणारच नाही, इंटरनेटवरून चाळीस माणसांनी मिळून खेळायचा, अशी बातमी दोन वर्षांपूर्वी आली. तुमच्या माडीवर सभा भरली. बावीस माणसे होती, त्यांतली निम्मी माझ्या चिठ्ठ्या वाचून मोठी झालेली.

“चाळीस माणसं? मग ओसाड मुलूख कसला? तो तर मासळीबाजार झाला!”

“आणि खेचराला गॉगल विकतायत, बघितलंत का? पैसे मोजून गॉगल! खेचराला!”

“चिठ्ठी वाचायला कोण थांबू देणार? मागचा बोंबलणार, चल पुढे, चल पुढे.”

“आपली वीज दिवसातून दोनदा जाते. काफिला काय आपल्यासाठी खोळंबणार आहे?”

मग तुम्ही उठलात. “सीडी एकदा हातात आली की ती आपली. कोण कुठला, कोणी विचारत नव्हतं. आता दारावर माणूस बसणार आणि रोज विचारणार, तू कुठला? आणि आपण कुठले ते त्याला सांगून बघा!”  चहा सगळ्यांचा गार झाला.

कंपनीला इंग्रजीत पत्र लिहायचे ठरले. लिहायचे मी. शिराझ, अहवाझ, मशहद इथूनही नावे आली, एकूण चारशे बारा. मी पत्र लिहिले, आणि आयुष्यात लिहिलेले ते माझे सर्वांत चांगले इंग्रजी आहे.

ते मी पाठवले नाही.

कारण त्या आधीच्या शनिवारी बर्दिया फोनवर ओरडलाच होता, “आई, ऐकलंस का? आता आपण एकाच मिठावरून चालणार! तू मला दिसशील, मी तुला दिसेन!” तुम्ही सगळे जे जाणार म्हणून रडत होता, त्यातच मला माझा मुलगा दिसणार होता. चारशे बारा माणसांचे गाऱ्हाणे मी टेबलाच्या खालच्या खणात ठेवले. पुढे आठ महिने तुम्ही विचारत राहिलात, “खानम, उत्तर आलं का?” आणि मी म्हणत राहिले, “मोठी माणसं, त्यांना वेळ लागतो.” एकदा तर तुम्ही त्या कंपनीची बाजू घेऊन मलाच समजावलेत. त्या पत्राने काही फिरले असते असे मला वाटत नाही. पण ते ठरवणे माझ्याकडे नव्हते. पत्र अजून खणात आहे, ते तुमचे. माफी मागायला मला तोंड नाही.

शिक्षा मला झाली, तीही लिहिते. खेळ आला. मी चालू केला तर पडद्यावर एकच ओळ: ही सेवा आपल्या देशात उपलब्ध नाही. तिचे भाषांतर मी वहीत केले नाही. बर्दियाने अडवणूक चुकवणारे ॲप पाठवले, स्वतःच्या नावाने माझ्यासाठी खाते काढले. एका शनिवारी मी आत गेले. अकरा मिनिटे. समोर एक माणूस उभा होता, डोक्यावर नाव: बर्दिया. त्याने हात हलवला. मी पडद्याला हात लावला, मूर्खासारखा. “चल आई, ते दार बघ,” तो म्हणाला. आम्ही निघालो, आणि दाराच्या चार पावले अलीकडे पडदा काळा झाला. खाते बंद. दुसऱ्यांदा तसेच. तिसऱ्यांदा त्याला ताकीद आली की पुन्हा असे केले तर त्याचेही खाते जाईल.  मीच म्हटले, “नको रे, तू खेळ.”

तो खेळला. चाळिसांतल्या पाच जणांची त्याची टोळी जमली, कोणी ब्राझीलचा, कोणी कोरियाचा. आधी मला सगळे सांगायचा. “चिठ्ठ्याच नाहीत गं इथे फारशा,” असेही म्हणाला होता. मग फोन आखूड होत गेले. मी विचारले, “जुना भाग काढू या का?” म्हणाला, “काढू ना, पुढच्या शनिवारी नक्की.” नंतर एकदा म्हणाला, “आई, जुन्यात कळ दाबली की सगळं थांबायचं. हे थांबवता येत नाही. मी उठलो तर चौघं मरतात माझ्यापायी.” आम्ही शेवटचे दार उघडले त्याला आज चौदा शनिवार झाले. त्याचा दोष नाही. तिथे त्याला माणसे मिळाली, मी आई आहे, मला आनंद व्हायला हवा. होत नाही. मला त्या चार पोरांचा हेवा वाटतो, आणि हा हेवा माझ्याबरोबरच मातीत जाईल. कुबाद, माडीवरच्या सभेत जे जे बोलले गेले ते सगळे खरे निघाले, आणि सगळ्यांत आधी माझ्याच घरात.

कलम ५. समोवार, दोन्ही गालिचे आणि कडू नारिंगांच्या मुरंब्याच्या बरण्या शेजारीण अकरम खानम यांना द्याव्यात. त्या दहा वर्षे मला म्हणत आल्या, “खेचर हाकण्यापेक्षा सून शोध, बाई.” बरोबरच असेल. माझा मोबाइलही त्यांनी ठेवावा आणि चार्ज करीत राहावा.

कलम ६. ~~मी गेल्याबरोबर त्याच दिवशी आगा कुबाद यांनी बर्दियाला फोन करून~~

इथे लिहीत असताना मोबाइल वाजला. साक्षीदार बाहेरच्या खोलीत चहा पीत बसले आहेत. आज शनिवार. जे बोलणे झाले ते लिहिते, कारण पुढचे कलम त्यावर आहे.

“आई, आवाज का गं असा?”

“गारठा आहे. काही खाल्लंस का?”

“खाल्लं, खाल्लं. बोल पटकन, पाच मिनिटं आहेत. लोक जमतायत.”

त्याला आज सांगायचे ठरवले होते. वाक्य कालच तयार केले होते, शाळेत मुलींना द्यायचे तसे, लहान आणि सोपे. बर्दिया, मला बरं नाही, निघून ये. मी तोंड उघडले. तिकडे मागे कोणीतरी हाका मारत होते, “बार्डी! बार्डी!” माझ्या मुलाला ते बार्डी म्हणतात, हे मला माहीत नव्हते.

“आई? काय म्हणत होतीस?”

“म्हणत होते, यंदा नारिंगं खूप लागलीत.”

“वा! मुरंबा ठेव हं माझ्यासाठी.”

“ठेवते.”

“मग जाऊ?”

“जा बाळा. तुझी वाट बघतायत.”

सबब कलम ६ मी खोडले आहे. कलम ५ मधल्या दोन बरण्या बर्दियासाठी बाजूला काढाव्यात.

कलम ७. माझ्या मृत्यूची बातमी बर्दियाला कोणीही कळवू नये. दफन थांबवू नये. तो आपणहून फोन करील तेव्हा अकरम खानम यांनी तो घ्यावा आणि सांगावे. तो फोन करील, याविषयी माझ्या मनात शंका नाही. कधी, ते मला माहीत नाही. जलीलकडून त्याला कळेल ही भीती बाळगू नये. जलीलने आजवर कोणाला स्वखर्चाने फोन केलेला नाही. कधी गेली, असे बर्दियाने विचारले, तर ‘काल’ असे सांगावे. मग आठ दिवस झालेले असोत, की चाळिसाव्या दिवसाचे जेवणही उरकलेले असो. यासाठी माझ्या कबरीच्या दगडावर नाव आणि साल कोरावे. महिना आणि दिवस कोरू नये.

वरील सर्व मजकूर माझाच, खाडाखोड माझीच, आणि तीवर माझी सही आहे. साक्षीदारांनी मजकूर न वाचता, वर कोरा कागद ठेवून, फक्त मी सही केलेली पाहिली आहे. आगा कुबाद यांनी वाचायला मागितले होते. मी म्हटले, मी मेल्यावर वाचा.

सही: महरुख खुमामी

साक्षीदार १: कुबाद शफ्ती, दुकानदार, सब्जे मैदान, रश्त. (सही)

साक्षीदार २: अकरम फूमनी, गृहिणी, सागरीसाझान, रश्त. (सही)

ठिकाण: रश्त

दिनांक: शनिवार, १९ आबान १४०३