दसऱ्यापर्यंत कपाटातच

१ सप्टेंबर, सोमवार

आजपासून इथला हर्फ्स्ट सुरू. हर्फ्स्ट म्हणजे आपला शरद ऋतू, फक्त चांदण्याच्या जागी चिखल.

ऑफिसात मोठी बातमी. टीम लीड डिसेंबरपासून दुसऱ्या कंपनीत चाललाय. जागा रिकामी. ती माझी आहे हे उघड आहे. सात वर्षं मी इथे सीनिअर डेव्हलपर आहे, 'सीनिअर' हा शब्द आता वयाबद्दल असल्यासारखा वाटायला लागलाय. फुलांच्या वाहतुकीची ती अख्खी सिस्टिम मी बांधली. बाकीचे तिच्यात भाडेकरू आहेत.

मग सात वर्षं अडलं कुठे? संध्याकाळी आरशात बघितलं आणि उत्तर मिळालं. कंपनीने वर्धापनदिनाला फुकट वाटलेली राखाडी फ्लीस, म्हणजे लोकरीसारखं मऊ जॅकेट. पोपडे निघालेला लोगो. असा माणूस लीड वाटेलच कसा?

निश्चय: संपूर्ण ऑटम वॉर्डरोब. मोजकेच कपडे, पण असे की कुठलाही कुठल्याही कपड्यावर चालावा. याला व्हर्सटाइल म्हणतात. व्हिडिओ बघितला. हे तर सरळसरळ मॉड्युलर आर्किटेक्चर आहे, मला जन्मजात येतं.

आसावरीला सांगितलं. ती म्हणाली, कपड्यांनी लीड होता आलं असतं तर दुकानातले पुतळे सीईओ झाले असते. ही बाई माझ्या व्हिसावर डिपेंडंट म्हणून आली होती. आता लायब्ररीत नोकरी करते, डच फाडफाड बोलते आणि बाराही महिने एकच वॉटरप्रूफ जॅकेट घालते. तिच्याशी फॅशनवर काय बोलायचं!

७ सप्टेंबर, रविवार

खरेदी उरकली. आजच उरकावी लागली, कारण उद्यापासून पितृपक्ष. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण आईचा पुण्याहून फोन आला की पक्षात नवं काही आणू नये, घालू तर मुळीच नये. आईशी वाद घालण्यापेक्षा शास्त्र पाळणं सोपं.

आणलं ते: नेव्ही ब्लेझर. दोन चिनोज, म्हणजे सुती पँटी. मेरिनो स्वेटर. ओव्हरशर्ट, म्हणजे शर्टावर घालायचा शर्ट. याला लेअरिंग म्हणतात. माझे रविकांतकाका गावाला जाताना बॅगेत मावत नाही म्हणून दोन शर्ट घालायचे, त्यांना कुणी स्टायलिश म्हटलं नाही. स्वेडचे, म्हणजे मखमली चामड्याचे बूट. आणि कॅमल रंगाचा ट्रेंच कोट.

कोटाची थोडी भानगड झाली. इथला 'एम' साइझ हा विजेच्या खांबासाठी काढलेला असतो. बाह्यांतून बोटं बाहेर येईनात. सेल्सगर्लने अत्यंत अदबीने मला वरच्या मजल्यावर पाठवलं. वरचा मजला मुलांचा होता. कोटाच्या आत '१४–१६ वर्षं' असं लिहिलंय. आत लिहिलंय, बाहेर नाही. कापड तेच.

आईला व्हिडिओवर दाखवला. म्हणाली, हा मातकट रंग कशाला घेतलास, आधीच धुतलेला नाही ना कुणी?

११ सप्टेंबर, गुरुवार

मार्लेनने बोलावलं. मार्लेन आमची मॅनेजर, लीड कोण हे तीच ठरवणार. दर गुरुवारी क्लायंटला डेमो द्यावा लागतो, तो सध्याचा लीड द्यायचा. तिने विचारलं, यापुढे तू देशील का?

आतून उकळी फुटली. पण विचार केला. क्लायंटसमोर पहिल्यांदा उभं राहायचं ते या फ्लीसमध्ये? फर्स्ट इम्प्रेशन एकदाच होतं. आणि नवे कपडे पक्ष संपेपर्यंत कपाटात. शिवाय चिनोज तुर्की टेलरकडे आहेत, त्यांच्या पायांतून अजून एक चिनो निघेल एवढं कापड जास्त आहे.

म्हटलं, आत्ता नको, धार्मिक कारण आहे. तिने लगेच चेहरा गंभीर केला. कुणी गेलं का, विचारलं. म्हटलं, हो, पण फार पूर्वी.

तिने फार समजूतदारपणे मान हलवली आणि डेमो तात्पुरता सारंगकडे दिला. तात्पुरता हा शब्द मीच सुचवला.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सारंगबद्दल लिहून ठेवतो. कोल्हापूरचा, येऊन दोन वर्षं झाली, मला दादा म्हणतो. पावसात सायकल मारत येतो. मूळचा काळा असावा असा एक हूडी घालतो, हूडची नाडी एकाच बाजूने शिल्लक आहे. या अवतारात आज क्लायंटसमोर उभा राहिला. एका प्रश्नावर चक्क म्हणाला, मला माहीत नाही, शैलेंद्रला विचारून सांगतो. शैलेंद्र म्हणजे मी. क्लायंट हसले म्हणे. हसणारच.

काल बुधवारी तो माझ्याकडे येऊन सगळं समजावून घेऊन गेला, आता दर बुधवारी येणार. मी हातचं न राखता सांगतो. पक्षात दान करावं.

मार्लेनने कॉफी मशीनपाशी पुन्हा विचारलं, पुढच्या वेळी तू करतोस का? म्हटलं, नको, सारंगचं छान चाललंय. मनाचा मोठेपणाही तिने टिपलेला असेल. लीडमध्ये तो लागतोच.

२२ सप्टेंबर, सोमवार

पक्ष संपला. आज घटस्थापना. सकाळी सगळा सेट चढवून बघितला. अप्रतिम. आरशातल्या माणसाला मीच नोकरी दिली असती.

शलाकाला दाखवलं. पोरगी तेरा वर्षांची, मराठी सगळं कळतं पण उत्तर मराठीत द्यायचं नाही असं व्रत आहे. मोबाइलवरून नजर न काढता म्हणाली, "बाबा, यू लुक लाइक अ माकलार." माकलार म्हणजे घरं विकणारा एजंट. मी ते कौतुक म्हणून घेतलं, इथे घरं भराभर विकली जातात. मग तिने कोट नीट बघितला आणि किंचाळली. तिच्या वर्गातल्या डान नावाच्या मुलाकडे हाच आहे. मी तो घालून शाळेच्या बाजूला फिरकायचं नाही अशी शपथ घ्यायला लावली.

ऑफिसला तसाच निघणार होतो, तेवढ्यात आईचा फोन. इतके दिवस थांबलास तर आता दसऱ्यालाच घाल, म्हणाली. साडेतीन मुहूर्तांपैकी पूर्ण एक. बघितलं तर दसरा नेमका गुरुवारी! डेमोचा वार! याला योग म्हणतात. विश्वास नसला तरी योग हा योग असतो. सगळं पुन्हा हँगरला लावलं, वर प्लास्टिक.

फ्लीस घालून ऑफिस.

२५ सप्टेंबर, गुरुवार

मार्लेनने आज तिसऱ्यांदा विचारलं! केबिनमध्ये बसवून, सरळ. क्लायंट विचारतायत की हे सगळं बांधलं कुणी, तर तुला पुढे यायचंय का?

मी म्हटलं, छे, तसं काही नाही, गडबड नाही.

म्हणजे काय, लगेच हो म्हणायचं? हावरटासारखं? आपल्याकडे पानावर बसलेला माणूस पहिल्या जिलबीला नको म्हणतो, दुसरीला ताटावर हात आडवा धरतो, मग यजमान हात बाजूला करून वाढतो, आणि मग तो चार खातो. आता फक्त हात बाजूला करायचा राहिलाय.

घरी आसावरीला मोठ्या उत्साहात सांगितलं. ती भांडी लावत होती, थांबली. म्हणाली, अरे, इथे कॉफीबरोबर बिस्किटाचा डबा एकदा फिरतो आणि झाकण लागतं. तुला तीनदा विचारलं, तिने तर तुझ्यासाठी कमाल केली. उद्या जाऊन हो म्हण.

मी म्हटलं, दसऱ्याला मी बोलायची गरजच पडणार नाही. कोट बोलेल. तिने कपाळाला हात लावला. त्या हाताला साबण होता, याचा दोषही मला.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सीमोल्लंघन!

सकाळी पूजा. लॅपटॉपला झेंडू वाहिला. मग पूर्ण पोशाख: शर्ट, त्यावर मेरिनो, त्यावर ब्लेझर, त्यावर कोट. आमच्या नीउ-व्हेनेप स्टेशनपर्यंत चालत गेलो. सायकलने कोट चुरगळला असता.

ऊन पडलं होतं. या देशात वर्षभर सूर्य सापडत नाही आणि नेमका आज पठ्ठ्या हजर. लोक टी-शर्टमध्ये. ऑफिसच्या गावी, हूफडॉर्पला, उतरेपर्यंत मेरिनो आतून उकडलेल्या बटाट्यासारखा झाला होता. पण स्टाइल अबाधित.

ऑफिसात आमचा कोपरा रिकामा. आजचा डेमो क्लायंटच्या गोदामात होता. मार्लेन आणि सारंग सकाळीच गेले. मेल आठवड्यापूर्वी आला होता, मी तो उघडला नव्हता कारण विषयात सारंगचं नाव होतं.

दिवसभर पूर्ण पोशाखात टेबलापाशी बसलो. ब्लेझर काढला नाही. काढला असता तर शर्टावरचा घाम दिसला असता. दुपारी रिसेप्शनवरची मुलगी येऊन म्हणाली, इंटरव्ह्यूला आला असाल तर खाली बसा, कुणीतरी घ्यायला येईल.

हे चांगलंच लक्षण आहे. म्हणजे मी आता पूर्वीसारखा दिसत नाही.

९ ऑक्टोबर, गुरुवार

पाऊस. आडवा. स्वेडचे बूट घालून बस स्टॉपपर्यंत गेलो. गेले ते बूट. आता त्यांना बूट म्हणण्यापेक्षा भिजवलेली मटकी म्हणणं योग्य.

व्हिडिओतल्या माणसाने एकदाही सांगितलं नाही की स्वेड पावसात चालत नाही. तो बहुतेक जिथे राहतो तिथे ऑटम घरात होतो.

सारंग सायकलवरून आला, प्लास्टिकची पावसाळी पँट काढली, खालून कोरडा ठणठणीत. मीटिंगला गेला. मार्लेनने आज काही विचारलं नाही. कामात असेल. चौथ्या आग्रहाला जरा वेळ लागतो.

उरलेला वॉर्डरोब अंतिम इंटरव्ह्यूसाठी राखून ठेवला. उगाच रोज घालून झिजवण्यात अर्थ नाही. फ्लीस आहेच.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. लक्ष्मीपूजन

हर्फ्स्टची सुट्टी, शलाका घरी. संध्याकाळी हूफडॉर्पला दिवाळीचा कार्यक्रम. आसावरी म्हणाली, घाल ना तो ब्लेझर, निदान एकदा माणसांत जाऊ दे त्याला. पण चिवडा, चकली, तेलाचे हात! कुर्त्यावर फ्लीस घालून गेलो.

सारंगही आला होता. पाया पडला. दादा, तुमच्यामुळे डेमो निभावतात, म्हणाला. मुलगा गुणी आहे. मी लीड झालो की त्याला माझा डेप्युटी करीन. तसं मनाशी ठरवून टाकलं. त्याला सांगितलं नाही, हवेत जाईल.

२७ ऑक्टोबर, सोमवार

आलं! मार्लेनचं इन्व्हाइट. गुरुवारी. विषय: 'टीम लीड'. वेळ पंधरा मिनिटं.

पंधराच मिनिटं म्हणजे इंटरव्ह्यू नाहीच, औपचारिकता. शंका असती तर तासभर लागला असता. आसावरी म्हणाली, नोकरी देताना पंधरा मिनिटं लागतात की नाही म्हणताना? निगेटिव्ह माणसं.

ब्लेझरला वाफेची इस्त्री केली. बुटांना पर्याय म्हणून लग्नातले काळे काढले. जरा चावतात, पण पंधरा मिनिटांचाच प्रश्न आहे.

३० ऑक्टोबर, गुरुवार

लिहायचं नव्हतं.

हवा उत्तम होती. ऊन नाही, पाऊस नाही. कपडे बसले होते तसे कधीच कुठले बसले नाहीत. मार्लेन म्हणाली, अरे वा, आज कुठे जायचंय का?

मग तिने सांगितलं. एक डिसेंबरपासून सारंग लीड. बातमी बाहेर जाण्याआधी तुला मी स्वतः सांगावी असं वाटलं, म्हणाली. पुढे म्हणाली, मी तुला तीन वेळा विचारलं आणि तिन्ही वेळा तू स्पष्ट नाही म्हणालास, याचा मला फार आदर वाटतो. लोकांना आपल्याला काय नको आहे ते कळत नाही, तुला कळतं. आपल्या कामात समाधानी असलेली माणसं टीमला लागतात.

तिच्या डोळ्यांत खरंच आदर होता. थट्टा असती तर भांडता आलं असतं.

मी थँक यू म्हणालो. सारंगला बुधवारी मदत करत राहशील ना, तिने विचारलं. म्हटलं, ऑफ कोर्स. पंधरा मिनिटंही लागली नाहीत.

बाहेर येऊन टॉयलेटमध्ये जरा वेळ नुसता उभा राहिलो. मला ती जागा हवी होती. फार हवी होती. सात वर्षं हवी होती. गेले दोन महिने मी ही गोष्ट आईला, आसावरीला, आरशाला सांगत होतो. मार्लेनला सोडून सगळ्यांना.

संध्याकाळी निघताना सारंग टेबलापाशी आला. हूडीतच. चेहरा उतरलेला. म्हणाला, "दादा, खरं सांगा. तुम्हाला हवंय का हे? मार्लेन अजून वर आहे. मेल गेलेला नाही. हो म्हणा, मी आत्ता जाऊन सांगतो, मला काही वाटणार नाही."

पोराने अगदी मनापासून विचारलं. डोळ्यांत बघून.

मी म्हणालो, छे छे, नको नको.

तो बरं म्हणाला, आणि सायकल काढायला खाली गेला.