तीन फोटोंचा एक फोटो

३ मार्च, सोमवार
कॅमेरा आला. ट्रायपॉडही आला. आजपासून एचडीआर. आयुष्यात एक तरी गोष्ट मुळापासून शिकायची, असा निश्चय. (गिटार धरत नाही. तिची तारच तुटली होती.)
तत्त्व सोपं आहे. एकाच दृश्याचे तीन फोटो काढायचे. एक काळपट, एक बरा, एक भगभगीत. मग कॉम्प्युटरवर तिघांचा मिळून एक करायचा. अंधारातलंही दिसतं, उजेडातलंही. अट एकच, तिन्ही फोटो होईपर्यंत कोणी हलायचं नाही.
बायकोने विचारलं, त्यातला बरा असतो तोच का ठेवत नाहीत? अडाणीपणापुढे मी काय बोलणार!

५ मार्च, बुधवार. सकाळी ७.१०
पहिला एचडीआर. विषय: स्वयंपाकघर. भिंती जांभळ्या, गॅस सोनेरी, भांडी तेजःपुंज. बायको म्हणाली, भिंतीला ओल आल्यासारखी दिसतेय. म्हटलं, ओल नव्हे, डिटेल. मग हात लावून पाहिला. ओलच होती. म्हणजे बघा, काय चीज आहे एचडीआर! प्लंबरला बोलवायचं आहे.

९ मार्च, रविवार
मोठी बातमी. २३ तारखेला आत्या येतेय. बाबांची थोरली बहीण. दोघं नऊ वर्षं बोलत नाहीत. कारण, आजीचं शिलाई मशीन आत्या घेऊन गेली. आमच्या घरात बटणसुद्धा कोणाला लावता येत नाही, पण प्रश्न तत्त्वाचा होता. आता ती लेकीकडे परदेशी चाललीय, कायमची. दोन तास येऊन भेटून जाणार.
बाबा म्हणाले, आमचा दोघांचा एक फोटो काढून दे. बाबांनी माझ्याकडे कधी काही मागितल्याचं आठवत नाही. (मी मागितल्याचं भरपूर आठवतं.) एचडीआरच काढीन, असा शब्द दिला. ते म्हणाले, आम्ही दिसलो म्हणजे झालं.

१२ मार्च, बुधवार
ऑफिसात, म्हणजे पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात, साहेबांवर सराव. दुसऱ्या फोटोला त्यांचा फोन वाजला आणि त्यांनी मान वळवली. साहेबांना दोन हनुवट्या होत्याच, आता पाच झाल्या. रंग गाजराचा. ऑफिसच्या ग्रुपवर टाकला.
साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. कौतुकासाठी नव्हतं.

१६ मार्च, रविवार
बाबांनी सोफ्यासमोरच्या भिंतीत खिळा ठोकला. फोटोच्या आधी खिळा! म्हटलं, घाई काय? म्हणाले, तुझ्यावर विश्वास आहे. गिटारच्या वेळीही असंच म्हणाले होते.
जागा ठरली. सोफा, आणि त्याच्या मागे खिडकी. उजेड पाठीमागून, चेहरे अंधारात. साधा कॅमेरा इथे हात टेकेल. खिडकीतल्या कुंडीवर फोकस पक्का करून ठेवला. तासभर सराव केला. कुंडी अजिबात हलत नाही. गुणी आहे.

२३ मार्च, रविवार. संध्याकाळी ६
आत्या येऊन गेली.
घरात मोबाइलबंदी जाहीर केली होती. एका घरात दोन फोटोग्राफर नकोत. बाबा आणि आत्या सोफ्याच्या दोन टोकांना बसले. चेहरे दगडी. मला हवे होते तस्से. स्क्रीनवर खिडकीचा उजेड येत होता, म्हणून आंघोळीचा टॉवेल कॅमेऱ्यासकट डोक्यावरून घेतला. पहिला फोटो झाला.
तेवढ्यात आत्या म्हणाली, मशीन आणलंय रे, खाली टॅक्सीत आहे. बाबा म्हणाले, मला काय करायचंय त्याचं, तू आलीस ना. नऊ वर्षं गप्प होते, आणि नेमकं पहिल्या आणि दुसऱ्या फोटोच्या मधे तोंड उघडायचं! मी टॉवेलमधून ओरडलो, आता एक अक्षर बोलू नका! मग काय, दोघं जे हसत सुटले. दुसरा आणि तिसरा कसाबसा उरकला.
टॅक्सी गेल्यावर बाबा बराच वेळ फाटकातच उभे होते.

२४ मार्च, सोमवार
रजा टाकून जोडणी केली. बाबांना दोन नाकं. आत्याला तीन हात, त्यातला एक बाबांच्या कानातून निघालेला. पण सॉफ्टवेअरमध्ये हललेल्या माणसांची भुतं काढायचं बटण आहे. दाबलं. आत्या गेली. चष्मा राहिला.

२५ मार्च, मंगळवार
तिन्ही फोटो सुटे सुटे पाहिले. फोकस कुंडीवर. पान न् पान स्पष्ट. पुढे दोन धुरकट म्हातारी माणसं.
बाबांना सांगितलं, प्रोसेसिंग चालू आहे.

२८ मार्च, शुक्रवार
काल आत्याचं विमान गेलं. बाबा फोटोचं विचारत नाहीत. नुसते खिळ्याकडे बघतात. रिकामा दिसू नये म्हणून मी त्यावर माझी टोपी अडकवली. त्यांनी ती काढून नीट घडी करून माझ्या हातात दिली.
फार वाईट वाटलं. इथे कोणी वाचत नाही म्हणून लिहितो, चूक कॅमेऱ्याची नव्हती.

३० मार्च, रविवार
बाबांना सगळं सांगितलं. बायको उठली आणि तिने मोबाइल त्यांच्यापुढे धरला. स्वयंपाकघराच्या दारातून तिने एक फोटो काढला होता. मोबाइलबंदी असताना! बाबा आणि आत्या सोफ्याच्या मधोमध, एकमेकांना टेकून हसताहेत, बाबांच्या डोळ्यांत पाणी. कडेला टॉवेल पांघरलेला मी, वाकलेला, पार्श्वभाग आघाडीवर.
मी बारकाईने तपासला. चेहरे उजळ, खिडकीतलं आभाळही निळं, भिंतीही जांभळ्या नाहीत. हे एका फोटोत जमणं शक्यच नाही, असं मी म्हणालो. तिने सेटिंग दाखवलं. तिच्या मोबाइलमध्ये एचडीआर पहिल्यापासून चालूच आहे. तिला माहीत नव्हतं.

६ एप्रिल, रविवार
फोटो खिळ्यावर लागला. फ्रेमवाल्याने विचारलं होतं, कडेचं हे गाठोडं कापू का? बाबा म्हणाले, कापा. पण पूर्ण कापलं तर आत्याचा हात जातो, म्हणून त्याने अर्धं ठेवलंय.
टॉवेलचं डिटेल मात्र उत्तम आलंय.